काल घरी कोण होतं

१

सकाळचा चहा विनायक उभ्यानेच घेत असे. बसून घ्यायचा तर समोर कोणीतरी लागतं.

डिंडोलीतल्या त्या बैठ्या घरांच्या ओळीमागे गाळ्यांमधले माग पहाटेपासून चालू असत. खटाखट, खटाखट. नव्या माणसाला तिथे झोप लागत नाही, आणि जुन्या माणसाला माग बंद पडले की जाग येते. विनायक आता जुना माणूस होता. प्लेगच्या साली अर्धं सुरत गाठोडी बांधून स्टेशनकडे धावलं, तेव्हाही तो आणि त्याची बायको शैलजा इथून हलले नव्हते. त्यानंतरच्या वर्षी दिवाळी आटोपली आणि शैलजा गेली. मूत्रपिंडाचं दुखणं. ती मराठी शाळेत शिकवायची. प्लेगने नेलं नाही ते एका साध्या दुखण्याने नेलं, असं लोक म्हणाले. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं.

तर चहाचा कप हातात, तोंड ओट्यावरच्या खिडकीकडे, आणि मागांच्या वर आवाज काढून विनायक आदला दिवस सांगायचा. स्पॅनिशमध्ये. काल मी उठलो. काल मी चहा प्यालो. काल मी कामावर गेलो, परत आलो, जेवलो, झोपलो.

हे खूळ त्याचं नव्हतं. रिंग रोडवरच्या ज्या कापडाच्या पेढीत तो पत्रव्यवहार सांभाळायचा, तिचा माल पनामाला जायला लागला होता. तिकडचे व्यापारी फोनवर इंग्रजीत गोड बोलत आणि भाव ठरायची वेळ आली की आपसात स्पॅनिशमध्ये कुजबुजत. मालक हसुभाईंना ते झोंबायचं. ‘विनायकभाई, तमे भणेला, शिकलेले माणस. शिकून घ्या ना ही भाषा. सांजे घरी जाऊन तरी काय करता?’ बोलून गेल्यावर हसुभाईंनी जीभ चावली, पण विनायकला राग आला नाही. खरंच, काय करत होता तो?

नानपुऱ्यात एक म्हातारे स्पॅनिश पाद्री राहत, फादर उर्बीना. सारी उमर गुजरातेत गेलेली. गुजराती अशी बोलत की भाजीवाली न मागता कोथिंबीर घालायची. त्यांची शिकवण्याची रीत एकच. लिहायचं नाही; लिहिलेलं हातात राहतं, तोंडात येत नाही. रोज सकाळी उठून कालचा दिवस मोठ्याने सांगायचा. भूतकाळ यायला दुसरा रस्ता नाही.

‘हूं, हूं, हूं! नुसतं मी, मी, मी!’ एका संध्याकाळी फादर वैतागले. ‘मी उठलो, मी खाल्लं, मी झोपलो. घरमां बीजुं कोई नथी? दुसऱ्या माणसाची क्रियापदं कधी शिकणार तुम्ही?’

विनायकने चष्मा पुसला. ‘घरात मी एकटाच असतो, फादर.’

‘तो लावो ने कोईने! एखादं माणूस आणा घरात. खोटं तर खोटं. मी काय पोलीस आहे? मला क्रियापद पाहिजे, पुरावा नको.’

शैलजा गेल्याचं विनायकने त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्याला लागणारं क्रियापद अजून शिकवून झालं नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगायचा त्याला कंटाळा आला होता.

२

दुसऱ्या दिवशी चहाचा घोट घेऊन त्याने सुरुवात केली. काल मी उठलो. काल मी कामावर गेलो. मग जरा थांबला, उगाच घसा खाकरला आणि म्हणाला, ‘आयेर मि मुखेर कोमिओ कोन्मिगो.’ काल माझी बायको माझ्याबरोबर जेवली.

काही झालं नाही. माग चालू होते. मराठीत हे वाक्य त्याच्या तोंडून फुटलं नसतं; पण परक्या भाषेत माणसाला लाज कमी वाटते आणि दुःखही थोडं दुसऱ्याचं वाटतं.

कप विसळायला तो वळला तेव्हा मांडणीवर दोन ताटल्या उभ्या होत्या.

दोन्ही कोरड्या. कडेला पाण्याचा पांढरट ओघळ वाळलेला. धुऊन ठेवून रात्र उलटली की ताटली दिसते तशा. विनायक त्यांच्याकडे पाहत राहिला. काल त्याने एकच घेतली होती. घेतली होती ना? एकटा माणूस अशा गोष्टी आठवत नसतो, गृहीत धरतो. भात एकीत घेतला असेल, आमटी दुसरीत. त्याने दोन्ही ताटल्या आत ठेवल्या आणि बस पकडली.

फादर खूश झाले. ‘हां! आता आलात रस्त्यावर.’ त्यांनी त्याला रोजच्या वापरातली क्रियापदं दिली. तिने दार उघडलं, तिने दार बंद केलं. ती बाहेर गेली, परत आली. तिने वाट पाहिली. विनायक ती सगळी रोज सकाळी खिडकीपुढे उभा राहून म्हणू लागला. सोपं होतं. त्याच्या स्वतःच्या दिवसात सांगण्यासारखं काही नसायचं. तिच्या दिवसात निदान दार तरी उघडायचं.

३

शेजारची सरलाबाई धुळ्याकडची. नवरा उखा मागच्याच गाळ्यात मागावर. शैलजा अंथरुणाला खिळली तेव्हा सरलाबाई दुपारी येऊन बसायची, पाठ चोळून द्यायची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी विनायकने शैलजाची निळी साडी तिला दिली होती, आणि ती तिने डोळे पुसत घेतली होती.

रविवारी सकाळी ती कळण्याची भाकरी घेऊन दारात आली आणि आत न येता उभी राहिली.

‘भाऊ, एक विचारू? मनं काही चुकनं का?’

‘का हो?’

‘काल मी भाकर घेऊन आली व्हती. वहिनीनं दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं बी नाही. बंद केलं. परत उघडलं. परत बंद केलं. मी आपली ताट धरून उभी.’

‘कोणत्या वहिनी?’

‘ओ माय! कोणत्या म्हणजे? शैलावहिनी.’

विनायकने हातातलं वर्तमानपत्र घडी करून खाली ठेवलं. मूल पडलं असताना त्याला न घाबरवता उचलावं, तसा तो हळू बोलला. ‘सरलाबाई, शैलजाला जाऊन या दिवाळीनंतर वर्ष होईल. शेवटची आंघोळ तुम्हीच घातलीत तिला.’

सरलाबाईने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे खरोखर भरले होते. ‘भांडण झालं असंन तं भांडा, भाऊ. नवराबायकोत व्हतं. पण जित्या बाईले असं तोंडानं मारू नका.’ मग तिची नजर भिंतीकडे गेली. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं, चपला काढून आत आली, टाचा उंचावून शैलजाच्या फोटोवरचा चंदनी हार ओढून काढला आणि पदराखाली धरला. ‘जित्या माणसाच्या फोटूले हार! कोणी पाहिलं तं काय म्हणंन? शिकलेले मानसं ना तुम्ही?’

ती गेल्यावर विनायक अंगणात आला. दोरीवर निळी साडी होती. कडकडीत वाळलेली, आदल्या दिवशी धुतलेली असावी तशी. ती सरलाबाईच्या दोरीवर नव्हती. त्याच्या दोरीवर होती.

४

विनायक हिशोबी डोक्याचा माणूस. सरलाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याने प्रथम धरलं. मग दूधवाल्याने विचारलं, बेनने काल अर्धा लिटर जास्त का घेतलं, पाहुणे आलेत का. मग उखा म्हणाला, वहिनींची तब्येत आता बरी दिसते. मग विनायकने धरलं की परिणाम आपल्याच डोक्यावर झाला आहे. शैलजा गेलीच नाही, आपल्यालाच तसं वाटतं. हे दुसरं जास्त सोयीचं होतं, पण ते टिकेना. कारण ती घरात असायला हवी होती, आणि ती नसायची.

एकदा तो दुपारीच घरी आला. कुलूप काढून हळूच आत शिरला. कोणी नाही. न्हाणीघर कोरडं. पलंगाच्या तिच्या बाजूची उशी दबलेली, हात लावला तर गार. रात्री कोणी निजून सकाळी उठून गेल्यावर उशी जशी उरते तशी. तो खुर्ची घेऊन दिवेलागणीपर्यंत तिथेच बसला. कोणी आलं नाही. दुसऱ्या सकाळी मात्र सरलाबाई म्हणाली, ‘काल सांजले वहिनी दारात बसल्या व्हत्या. वाट पाहत. तुम्ही आतच तर व्हतात, मंग कोणाची वाट?’

तेव्हा त्याला कळलं. शैलजा आज कधी नसायची. काल असायची. तो कितीही लवकर पोचला तरी एका दिवसाने उशीर झालेला असायचा.

खरं सांगायचं तर, त्याने थांबवलं नाही. थांबवायला जोर लागतो, आणि तेवढा जोर त्याच्यात उरला नव्हता. उलट, माणूस परगावच्या पत्राची वाट पाहतो तसा तो रोज कुंपणाशी जाऊन आडून आडून विचारायचा. काल काय करत होती? काही म्हणाली का?

‘बोलतात कुठं?’ सरलाबाई आता त्याच्याकडे न बघता बोलायची. ‘खाताना पाहिलं खिडकीतून. खातात तं खातच ऱ्हातात. ताट रिकामं झालं तरी हात चालूच. पहिले कशा व्हत्या हो वहिनी! अशी कशी व्हई गयी ती बाई?’

विनायकला ठाऊक होतं अशी का झाली. त्याच्याकडे तेवढीच क्रियापदं होती.

म्हणून त्याने फादरकडे नवीन मागितलं. हसणं. शैलजाला हसायला फार कारण लागायचं नाही. शाळेतल्या पोरांच्या गमती सांगताना तिला स्वतःलाच हसू फुटायचं आणि गंमत अर्धी राहायची. फादरने रूप घासूनपुसून दिलं. सकाळी विनायकने ते खिडकीपुढे म्हटलं. काल माझी बायको हसली.

संध्याकाळी सरलाबाई कुंपणाशी नव्हती. तिचं दार बंद होतं. विनायकने कडी वाजवली तेव्हा तिने फट उघडली आणि फटीतूनच बोलली.

‘भाऊ, काल वहिनी हसत व्हत्या.’

‘बरं झालं की,’ विनायक म्हणाला.

‘दुपारपासून अंधार पडेपर्यंत,’ ती म्हणाली. ‘तोंड मिटलंच नाही. एका आवाजात. माझी लेकरं रडाले लागली.’ आणि तिने कडी लावून घेतली.

५

गौरीचा फोन रविवारी यायचा, नाशिकहून. आई गेली तेव्हा उशाशी तीच होती, आणि तेव्हापासून ती बापाशी फार जपून बोलायची, भाजून फोड आलेल्या जागी फुंकर घालावी तशी. तिला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. पण माहेरी करणारं कोण? म्हणून सासूबाईच करणार, असं चैत्रातच ठरलं होतं. सांगताना गौरी रडली होती आणि आपण रडतोय हे फोनवर कळू नये म्हणून खोकली होती.

या रविवारी तिचा आवाज मोकळा होता. विनायकने तो आवाज वर्षभर ऐकला नव्हता.

‘बाबा, ठरलं! सौरभ सोडायला येतोय. सातवा संपत आला की येते. सासूबाई जरा फुगल्यात, फुगू देत. आई धडधाकट असताना मी सासरी का बाळंत होऊ?’

विनायकने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

‘बाबा? ऐकताय ना?’

‘आईशी बोललीस?’

‘कालच केला होता तिने. म्हणजे...’ गौरी थांबली. ‘बाबा, तिला ऐकू कमी येतंय का? फोन तिने केला आणि बोललीच नाही. मी म्हटलं, आई, येऊ ना? नुसता श्वास. मग ठेवला. मग परत केला. कामात असेल ना? एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा तुम्ही. मी आले की बघतेच.’ मग आवाज खाली आणून, ‘रागावलीय का माझ्यावर? इतके महिने आले नाही म्हणून?’

‘नाही, राणी.’

‘मग सांगा तिला, भरपूर डिंक आणून ठेव म्हणावं. आणि बाळाला तेल तीच लावणार, बाई ठेवायची नाही. मला तिच्याच हातचं पाहिजे.’

विनायकने फोन ठेवला. गौरीच्या मनात आईचं मरण उरलं नव्हतं. एवढं वर्ष तिने जे सोसलं ते पुसून गेलं होतं, आणि ती सुखात होती. वाईट काय होतं त्यात?

मग त्याच्या डोळ्यांपुढे ते हात आले, रिकाम्या ताटातून खात राहणारे. त्या हातांत तान्हं मूल. तेल लावलं, तर लावतच राहणारे.

६

दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंड बंद ठेवलं. चहा मुकाट्याने प्यायचा. काल काय झालं हे कोणत्याच भाषेत सांगायचं नाही. पण घरात माणूस आणणं सोपं असतं, घालवणं अवघड. सकाळी उशी दबलेली असायचीच. दूधवाला बेनबद्दल बोलायचाच. ती आता त्याच्या सांगण्यावाचूनही काल होती.

तो नानपुऱ्याला गेला. फादर खिडकीशी बसले होते, दिवा न लावता. एरवी ते त्याला पाहताच स्पॅनिशमध्ये ओरडायचे. आज गुजरातीत, बारीक आवाजात म्हणाले, ‘आवो.’

‘फादर, एक क्रियापद हवंय.’

‘तुमचां मिसिस काल इथे आल्या होत्या,’ फादर म्हणाले.

विनायकने त्यांच्यासमोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि उभाच राहिला. बाहेर गेली, परत आली, एवढंच तो रोज म्हणत आला होता. कुठे, ते त्याने कधी सांगितलं नव्हतं.

‘मी म्हटलं, बेसो, बेन. त्या बसल्या. मी चहा विचारला. मग मी...’ फादरने हनुवटी चोळली. ‘विनायकभाई, मी म्हातारा माणूस. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि तुम्ही विचारू नका. मी प्रार्थना म्हणत बसलो. त्या उठेपर्यंत.’

‘मला “मरणं” पाहिजे, फादर. तिचं. भूतकाळात.’

फादरने कशाला म्हणून विचारलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी एखादं रूप एकदाच उच्चारलं आणि परत म्हणून घेतलं नाही. ‘मुरिओ.’ मग म्हणाले, ‘आणि खरं बोलायचं असेल तर “गेल्या वर्षी” कसं म्हणतात तेही घेऊन जा.’

७

विनायकने आधी खरं बोलून पाहिलं. गेल्या वर्षी माझी बायको वारली. खिडकीपुढे उभं राहून, स्पष्ट, मागांच्या वर आवाज काढून. म्हटल्यावर त्याला हलकं वाटलं. पुढच्या सकाळी सरलाबाईच्या धाकट्या पोराने रस्ता ओलांडून पलीकडून जाताना ओरडून सांगितलं, ‘काका, काकू काल गच्चीवर उभ्या होत्या!’ त्या बैठ्या घरांना गच्ची नव्हती, पत्रे होते.

गेल्या वर्षीचं खरं कोणाच्या कामाचं उरलं नव्हतं. सगळा कारभार कालचा होता.

गौरी येण्याचा दिवस जवळ आला. विनायक खिडकीपुढे उभा राही आणि कप गार होऊन जाई. वाक्य सोपं होतं, पहिल्या इयत्तेतलं. पण ते म्हटलं की नाशिकला एक पोटुशी पोर पुन्हा पोरकी होणार होती, आणि या वेळी तिला पोरकं करणारं दुखणं नसणार, बाप असणार. त्याहून एक गोष्ट त्याला कोणाजवळ बोलता आली नसती. उशी दबलेली असायची ती त्याला आवडायची. तिथे जे कोणी निजत असेल ते असो, घराला दुसरी बाजू होती.

सौरभचा फोन आला, परवाच्या बसने निघतो. तेव्हा विनायकने गार चहा ओतून दिला आणि दोन्ही हातांनी ओटा धरला.

‘आयेर,’ तो म्हणाला. काल. आणि थांबला. मग उरलेलं म्हणून टाकलं. आयेर मुरिओ मि मुखेर.

माग बंद पडले.

एक एक करून नव्हे. सगळ्या गाळ्यांतले एकदम. गल्लीत कोणी वारलं की विजेचा खटका ओढायची तिथली रीत आहे. गेल्या वर्षीही असेच बंद झाले होते.

८

त्याच्या मागे घर माणसांनी भरलेलं होतं. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, भिंतीला टेकून बसलेले शेजारी, कोणीतरी लावलेल्या उदबत्त्या निम्म्या जळून गेलेल्या. कोणी दचकून त्याच्याकडे पाहिलं नाही. गल्लीतले वडीलधारे पंडितआबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘कालपासून पाणी नाही घेतलं तुम्ही. घ्या. गौरीले कळवलं आहे. निघाले दोघं. संध्याकाळलोक पोचतील. तिनं तोंड पाहिलं की उचलू.’

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत आंघोळीची तयारी करणाऱ्या बायकांचा आवाज, बादलीचा, पाण्याचा. मग आवाज थांबला. दार उघडून एक बाई बाहेर आली आणि थेट अंगणात गेली. तिच्यामागून दुसरी. शेवटी सरलाबाई, कोपरापर्यंत हात ओले.

‘भाऊ, मी नाही घालत आंघोळ,’ ती म्हणाली. ‘माले नका सांगू.’

‘काय झालं?’ पंडितआबांनी विचारलं.

ती भिंतीला धरून खाली बसली.

विनायक आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. इतके आठवडे तो एक दिवस उशिरा पोचत होता. आज पहिल्यांदा दोघं एका खोलीत होते. जमिनीवर निळी साडी, तोंडावर पदर ओढलेला. तो पायांशी बसला. शैलजाच्या टाचा बारमाही भेगाळलेल्या असायच्या. उभं राहून शिकवणारीचे पाय. या टाचा गुळगुळीत होत्या, कोणी कधी चाललंच नसावं अशा. हात मात्र हातांसारखे होते. त्यांना खूप काम पडलं होतं.

त्याने वर पाहिलं. माणसाच्या तोंडावर पदर टाकला की तो नाकावर उंचावतो, ओठांशी खाली बसतो. हा पदर कुठेच उंचावला नव्हता.

बोटाच्या टोकाने त्याने कड उचलली. कपाळ दिसलं. कपाळावर कुंकू. आणि त्याखाली, ज्या नाकडोळ्यांबद्दल त्याने इतक्या दिवसांत एकदाही काही सांगितलं नव्हतं, तिथे...

त्याने पदर सोडला. नीट बसवला, चारी बाजूंनी खोचला. मग बाहेर येऊन म्हणाला, ‘थांबायचं नाही. आत्ता न्यायचं.’

‘आणि पोर?’ पंडितआबा चमकले. ‘वाटेत आहे ती. एकुलती एक. काय बोलता भाऊ?’

‘ती पोटुशी आहे. गरोदर बाईने प्रेत बघू नये.’ हे वाक्य त्याच्या तोंडून यावं याचं त्यालाच नवल वाटलं. शैलजा असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

कोणीतरी हळूच म्हणालं, बरोबर आहे. बायका अंगणातच उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही थांबा म्हटलं नाही.

अश्विनीकुमारच्या स्मशानातून परत येऊन तो ओल्या अंगाने दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता, तेव्हा रिक्षा थांबली. गौरी एका हाताने पोट सावरत उतरली. सतरंज्या झटकल्या जात होत्या. तिने ते पाहिलं आणि तिला समजलं.

‘नेलं?’

विनायकने मान डोलावली.

‘बाबा, मी निघाले होते. सौरभने फोनवर सांगितलं होतं, निघालोय म्हणून. तुम्हाला दोन तास थांबता आलं नाही?’

‘तुला दिवस गेलेत, बाळा. म्हणून...’

‘हे तुम्ही बोलताय?’ तिचा आवाज चिरकला. ‘ग्रहणात मुद्दाम जेवायला बसवायचात आम्हाला, ते तुम्ही? कधीपासून मानायला लागलात हे सगळं? माझ्या आईचं तोंड बघू दिलं नाहीत मला. मी हे विसरणार नाही, बाबा. जन्मात नाही.’

सरलाबाईने तिला धरून बसवलं, पाणी दिलं. ती रडली, पोट कवटाळून, खूप वेळ. विनायक जवळ गेला नाही. त्याला तेवढा हक्क वाटला नाही. अंधारून आलं तसं रडणं ओसरलं, आणि ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, ‘शेवटी तिच्याजवळ कोण होतं?’

 विनायकने मराठीत, सावकाश सांगायला सुरुवात केली.

‘पहाटेची वेळ होती. मी औषध आणायला बाहेर गेलो होतो. तू तिच्या उशाशी होतीस. तिने तुझा हात धरला होता, आणि सुटता सुटत नव्हता. मी आलो तेव्हा तू म्हणालीस, बाबा, आवाज करू नका, आईला आत्ताच झोप लागलीय. तुला कळलं नव्हतं. मग मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तुझ्या मनगटावर वळ उठला होता. तू ते मनगट बरेच दिवस धुवायला तयार नव्हतीस.’

 गौरीने सौरभकडे पाहिलं, मग सरलाबाईकडे. मग उठून त्याच्याशेजारी येऊन बसली. आजारी माणसाच्या हातावर ठेवावा तसा तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

‘बाबा,’ ती अगदी हळू म्हणाली, ‘मी इथे नव्हते.’

‘होतीस,’ विनायक म्हणाला.